पालकाचा व्यवसाय

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात आणि नेमक्या त्याच दिवसांत आमच्या नागभीड-ब्रह्मपुरी पट्ट्यात धानाचे परे टाकण्याची, म्हणजे लावणीच्या रोपांसाठी बी पेरण्याची, धांदल असते. पहिलीत मुलाचे नाव घालायला येणारे पालक त्यामुळे बहुधा बांधीतून, म्हणजे धानाच्या शेतातून, थेट शाळेत येतात, व्हरांड्याबाहेरच्या नळावर पायांचा चिखल धुतात आणि मुलाचा हात धरून टेबलासमोर उभे राहतात. प्रवेश अर्ज भरण्याचे काम माझ्याकडे असते. जन्मतारीख, आधार क्रमांक, जात, पत्ता हे सगळे विचारून लिहावे लागते. ‘पालकाचा व्यवसाय’ हा रकाना मात्र मी कित्येक वर्षे कोणालाही न विचारता भरत आलो. जमीन असेल तर शेती, नसेल तर मजुरी, आणि घराबाहेर कामाला न जाणाऱ्या आईच्या नावापुढे गृहिणी. या तीन शब्दांत अख्खे गाव बसते, असे मला खरोखरच वाटत होते.

अकरा वर्षांपूर्वी एका आईने माझा हात थांबवला. ती मुलीला घेऊन आली होती. तिच्या नावापुढे मी ‘मजुरी’ लिहिले ते तिने पाहिले. सातवीपर्यंत शिकलेली असल्यामुळे टेबलाच्या पलीकडून उलटी दिसणारी अक्षरेही तिला वाचता आली. “गुरुजी, मजुरी काहून लिवता जी? मजुरी त कोनीबी करते. मी रोवना करतो.” रोवणा, म्हणजे धानाची लावणी, हीसुद्धा मजुरीच आहे, अर्जात तसे वेगळे लिहिण्याची पद्धत नाही आणि वर्षातले बाकीचे महिने तुम्ही दुसरेही काही करतच असाल, असे मी तिला समजावू लागलो. तिने माझे बोलणे पूर्ण होऊ दिले आणि मग शांतपणे म्हणाली, “बाकीचं पोटासाठी करतो. तुमी इचारलं का मी काय करतो, त मी रोवना करतो.” मी ‘मजुरी’वर रेघ मारली आणि ‘रोवणी’ असे लिहिले. अर्जावर खाडाखोड चालत नाही, म्हणून त्या दिवशी पुन्हा नवा अर्ज भरावा लागला. तो मी भरला, आणि तेव्हापासून हा रकाना विचारल्याशिवाय भरत नाही.

मी धानाच्याच घरात वाढलो असलो तरी रोवणा नीट पाहिला तो त्या पावसाळ्यात. परे तीन-साडेतीन आठवड्यांचे झाले की उपटायचे, मुळांचा चिखल पाण्यात झटकून पेंढ्या बांधायच्या, चिखलणी झालेल्या बांधीत त्या अंतराअंतराने फेकायच्या आणि मग बायकांनी ओळीने वाकून, मागे मागे सरकत, एका ठिकाणी दोन-तीन रोपे खोचत जायचे, एवढे तर धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभ्या असलेल्या कोणालाही दिसते. न दिसणारे पुष्कळ असते. रोप खोल गेले तर फुटवे कमी येतात आणि वर राहिले तर पाण्याबरोबर तरंगून निघते. चिखल पुरेसा बसला आहे की अजून थांबायला हवे, बांधीत पाणी किती राखायचे, परा कोवळा आहे की वयात गेलेला, आणि वयात गेलेला असेल तर एका ठिकाणी रोपे किती वाढवायची, हे सगळे त्या बाईच्या बोटांना माहीत होते. तिच्यासोबत चौदा बायकांचा गट होता. तो एकरावर उक्ता रोवणा घेत असे आणि भाव ठरवण्यापासून दुसऱ्या दिवशी कोणाच्या बांधीत उतरायचे इथपर्यंत सगळे तीच ठरवत असे. मी पाहिले त्या दिवशी जमिनीचा मालक धुऱ्यावर उभा राहून तिला विचारत होता की बोडीचे, म्हणजे लहान तळ्याचे, पाणी आज सोडू की उद्या. जमीन त्याची होती, बोडी त्याची होती, परे त्याचे होते, पण त्या चार तासांपुरता त्या बांधीतला शब्द तिचा होता. ‘मी रोवणा करतो’ या वाक्यातला ‘मी’ कुठून येतो, ते मला तिथे समजले असे वाटले.

हीच बाई धान निघाल्यावर मिरचीच्या सातऱ्यावर जाते. आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, भिवापूर-नागभीडकडे व्यापारी सुक्या मिरचीचे ढीग मोकळ्या जागेत टाकतात आणि बायका त्या ढिगांभोवती बसून मिरचीचे देठ खुडतात, त्या जागेला सातरा म्हणतात. मजुरी वजनावर मिळते. दिवसभर ठसका लागतो, हातांची आग रात्री झोपू देत नाही, आणि घरी तान्हे मूल असेल तर त्याला जवळ घेण्याआधी हात पुन्हा पुन्हा धुवावे लागतात. हात तेच, चपळाईही तीच, आणि सातऱ्याचे दिवस रोवण्याच्या दिवसांपेक्षा कितीतरी जास्त. तरीही तिने स्वतःला कधी मिरचीवाली म्हणवून घेतले नाही. देठ कुठे तोडायचा हे मिरचीच ठरवते आणि वजन किती भरले हे काटा सांगतो. त्या कामात तिच्या नजरेला विचारणारे कोणीच नसते. म्हणून मी मनाशी एक सिद्धान्त बांधला होता की ज्या कामात माणसाला काहीतरी ठरवण्याचा अधिकार असतो, त्याच कामात तो स्वतःला ओळखतो, आणि जिथे फक्त हात लागतात तिथे माणूस आपले नाव बाहेर ठेवूनच आत जातो.

हा सिद्धान्त मी आजही सोडलेला नाही, पण तो सातऱ्यावरच्याच एका दुसऱ्या बाईमुळे मला पुन्हा तपासावा लागला. तिचा नवरा लवकर गेला, सासरी जमीन होती पण तिच्या हातात कधी पैसा नव्हता, आणि मुलाच्या वहीसाठीही दिराकडे मागावे लागत असे. सातऱ्यावर जाऊ लागल्यावर शनिवारी हिशेबाचे पैसे तिच्या हातात पडू लागले. मी रकाना विचारला तेव्हा तिने ताठ मानेने सांगितले, “मिरची खुडतो.” त्या कामात कौशल्य किती, निर्णय किती, हा माझा हिशेब तिच्या कामाचा नव्हता. तिच्यासाठी त्या कामाचा अर्थ कामाच्या आत नव्हता, तो शनिवारच्या पैशांत होता. त्या पैशांनी तिला पहिल्यांदा कोणाची तरी सून, कोणाची तरी विधवा यापलीकडे नेले होते. पोटासाठीचे काम आणि मनासाठीचे काम अशी सरळ विभागणी करणाऱ्याचे पोट बहुधा भरलेले असते, हे मला तिच्याकडून कळले.

आमच्या समाजात ‘कामावरून ओळख’ ही गोष्ट निव्वळ चांगली म्हणून मांडताच येत नाही, आणि जो तशी मांडतो त्याने गाव पाहिलेले नाही असे मी म्हणेन. एक पालक आमच्या पंचक्रोशीत डफडे वाजवण्यात पहिला मानला जातो. लग्नसराईत लोक तारीख काढण्याआधी तो मोकळा आहे का ते पाहतात. रात्री दूरवरून वाजणे ऐकू आले तरी जाणकार माणूस सांगतो की हा हात त्याचाच. मी त्याचा व्यवसाय आनंदाने ‘वादक’ असा लिहायला घेतला, तर त्याने टेबलावर हात ठेवला. “पोराच्या कागदावर ते नोको गुरुजी. मजुरी लिवा.” त्याला आपल्या वाजवण्याची लाज वाटत नव्हती, हे मी खात्रीने सांगतो, कारण तो वाजवताना मी त्याचा चेहरा पाहिला आहे. पण ते काम त्याच्या घराण्याच्या गळ्यात जातीने बांधले होते, वाजवणारा मांडवाबाहेर उभा राहील आणि जेवणाची पंगत उठल्यावर जेवेल या अटीसह बांधले होते, आणि मुलाच्या कागदावर तो शब्द गेला तर कागदासोबत ती अटही जाईल, अशी त्याला भीती होती. एकाच कामात एका माणसाचे सर्वांत मोठे सुख आणि सर्वांत जुना अपमान एकत्र राहू शकतो. मी ‘मजुरी’ लिहिले, आणि या वेळी तो शब्द मला आळशीपणाचा वाटला नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली आणि त्यानंतर विदर्भातल्या गावोगावी लोकांनी जन्माने वाट्याला आलेली कामे नाकारली. मेलेले ढोर ओढणार नाही, असे म्हणणाऱ्या माणसाने काम सोडले, त्याबरोबर गावाकडून मिळणारे थोडेफार धान्यही सोडले, आणि तरीही त्या नकारातूनच त्याला स्वतःचे नाव मिळाले. काम करण्यातून माणूस घडतो हे आपण मुलांना शिकवतो. काम नाकारण्यातूनही माणूस घडला आहे, हे आमच्या जिल्ह्यांत शिकवायला लांबचे उदाहरण शोधावे लागत नाही. याच विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी स्वतःहून झाडू हातात घेतला आणि ज्या गावात जात ते गाव आधी झाडून काढले. मुलांना मी दोन्ही गोष्टी एकत्र सांगतो, कारण झाडू तोच असला तरी तो स्वतः उचलणे आणि जन्मतःच हातात दिला जाणे यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि हा फरक न सांगता श्रमप्रतिष्ठेचा धडा शिकवणे मला अप्रामाणिक वाटते.

आमच्याच नागभीड तालुक्यातले नांदेड हे गाव बाहेरच्यांना मराठवाड्यातल्या शहराशी घोटाळ्यात टाकते. या गावातले दादाजी रामाजी खोब्रागडे हे जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेले, दीड एकराचे कास्तकार होते. १९८३ मध्ये पटेल-३ या वाणाच्या आपल्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या, पिवळसर दिसल्या. अशा लोंब्या त्याआधी आणि त्यानंतरही कितीतरी जणांच्या डोळ्यांपुढून गेल्या असतील, पण त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, त्यांचे बी जपले, पुढच्या हंगामात ते निराळे पेरले, आणि वर्षानुवर्षे निवड करत बारीक दाण्याचे, चवीचे आणि भरघोस उताऱ्याचे वाण तयार केले. त्या काळी लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळावरून त्या धानाला एचएमटी हे नाव पडले. आज विदर्भात ज्या घरी पाहुणा येतो त्या घरी बहुतेक वेळा हाच तांदूळ शिजतो, आणि जेवणाऱ्यांपैकी पुष्कळांना तो कोणाच्या नजरेतून आला हे ठाऊक नसते. दादाजींनी पुढे आणखी वाण शोधले आणि त्यांतल्या एकाचे नाव डीआरके आहे, म्हणजे त्यांच्याच नावाची आद्याक्षरे. पहिल्या वाणाला घड्याळाचे नाव आणि नंतरच्या एकाला स्वतःचे, या दोन नावांमधल्या अंतराचा विचार मी पुष्कळदा करतो. राष्ट्रपतींच्या हस्ते पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये फोर्ब्सच्या यादीत नाव आले, आणि तरीही ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले तोवरचे दिवस आर्थिक ओढाताणीतच गेले. मला या गोष्टीचा राग आहे आणि तो मी लपवत नाही. माणसाला त्याच्या कामात आनंद मिळाला म्हणजे त्याला मोबदला मिळाला, असा समज आपण सोयीने करून घेतो. प्रवेश अर्जाच्या रकान्यात दादाजींच्या नावापुढे ‘शेती’ एवढेच आले असते, आणि ते खोटेही ठरले नसते.

हाच समज मला गावात आरोग्याचे काम करणाऱ्या ‘आशा’ ताईंच्या बाबतीत दिसतो. १९९० च्या दशकात गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतल्या साध्या, थोड्या शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची घरीच काळजी घ्यायला शिकवले, त्यांना आरोग्यदूत हे नाव दिले, आणि त्या गावांतले नवजात बालकांचे मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. बाळाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखणारी बाई ही आता अमक्याच्या घरची सून राहिली नव्हती. तिच्याकडे रात्री दार वाजवून लोक येऊ लागले होते. पुढे २००५ नंतर देशभर आशा आल्या. आमच्या गावातल्या आशा ताईंच्या मुलाचा अर्ज भरताना मी ‘आशा कार्यकर्ती’ लिहिले, तेव्हा त्यांनी त्या शब्दावरून बोट फिरवले आणि मग विचारले, “याला नोकरी म्हणायचं का हो सर?” मला उत्तर देता आले नाही. सरकारी व्यवस्थेत त्यांना स्वयंसेविका मानले जाते, मिळतो तो मोबदला किंवा मानधन, पगार नव्हे. बाळंतिणीला मध्यरात्री दवाखान्यात नेणाऱ्या बाईला आपल्या कामाचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नाही, तो तिने आमच्यापेक्षा जवळून पाहिला आहे. गरज आहे ती त्या अर्थाच्या जोरावर तिला पगार देणे टाळू नये याची. ‘सेवा’ हा शब्द उच्चारताना मी आता जपून असतो. तो स्वतःच्या कामाबद्दल म्हणणाऱ्याच्या तोंडी शोभतो, दुसऱ्याकडून काम करून घेणाऱ्याच्या तोंडी नाही.

काही पालकांची खरी ओळख तर रकान्यात मावेल अशा कामात नसतेच. दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, नाटकांचा मोसम सुरू होतो, वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगावी रात्र रात्र प्रयोग करतात, आणि दिवसा भिंत बांधणारा एक गवंडी रात्री खलनायक म्हणून मंचावर येतो तेव्हा शामियान्यातली लहान मुले खरोखर भेदरतात. त्याचा मुलगा आमच्या शाळेत आहे आणि त्याने वर्गात सांगितलेला वडिलांचा व्यवसाय ‘नाटकात मारतात’ असा होता. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे हे याच रंगभूमीवरचे कलावंत, आणि त्यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा या गवंड्याने शाळेत येऊन आम्हा शिक्षकांना पेढे दिले. स्वतःच्या घरी काही झाल्यासारखे.

आणि माझे काय, हे लिहिल्याशिवाय हा विषय पूर्ण होणार नाही. माझ्या नावापुढे सत्तावीस वर्षे ‘शिक्षक’ आहे. त्यांतला किती वेळ माहिती भरण्यात, सर्वेक्षणात, याद्या तयार करण्यात गेला त्याचा हिशेब मी ठेवलेला नाही. तो प्रत्येक शिक्षकाला पाठ आहे. त्या कामांनंतर संध्याकाळी घरी जाताना मी दिवसभर काय केले ते मला आठवत नाही. आठवतात त्या फार बारीक गोष्टी. घरी गोंडी बोलणाऱ्या एका मुलाला पहिलीत सहा महिने कोणी बोलताना ऐकले नव्हते. त्याला मी पुढच्या बाकावरून उठवून मागे, एका बडबड्या मुलीशेजारी बसवले, आणि तीन आठवड्यांनी ती त्याला रागावली तेव्हा तो मराठीत तिच्यावर उलटून ओरडला. कोणत्याही अहवालात ही नोंद नाही. पण कोणाला कुठे बसवायचे हा निर्णय माझा होता, जसा पाणी कधी सोडायचे हा निर्णय त्या बाईचा होता. निवृत्तीला मला आता फार दिवस उरलेले नाहीत. बोडीकाठची जमीन बटईने दिल्यावरही माझे वडील रोज संध्याकाळी बांधी पाहायला जात असत, ते का जात असत हे मला आता समजू लागले आहे.

या जूनमध्ये ती रोवणेवाली बाई धाकट्या मुलाला घेऊन पुन्हा आली. मधल्या काळात आमच्याकडे रोवणी यंत्रे आली आहेत, आणि मोठ्या, सरळ बांध्यांत तिच्या गटाला आता काम मिळत नाही. तिच्या वाट्याला वाकड्या धुऱ्यांच्या लहान बांध्या आणि यंत्र न पोचणारे कोपरे उरले आहेत. गट चौदाचा सात झाला आहे. मी विचारले, काय लिहू? “रोवनाच लिवा,” ती लगेच म्हणाली. मग मी वडिलांच्या रकान्यावर आलो. तिचा नवरा पूर्वी मिरची तोडायला तेलंगणात जायचा, आता हैदराबादेत बांधकामावर असतो, आणि फक्त चिखलणीच्या दिवसांत घरी येतो. मी ‘मजुरी’ लिहू का असे विचारले, तर ती बराच वेळ त्या रकान्याकडे पाहत राहिली.

“त्याईले इचारलं नाही कधी,” ती म्हणाली. “चिखलनीले येतीन, तवा इचारून सांगतो.”

अर्ज माझ्या टेबलाच्या खणात आहे. बाकी सगळे रकाने भरले आहेत.